कावळा मागितलेला आहे

वायरबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. टायपिंगच्या खोलीत ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या पहिल्यांदा कामावर आल्या तेव्हा खोलीभर वायरी लोळत होत्या, आणि खोलीतले सगळे टायपिस्ट अंध. रोज कुणीतरी अडखळायचं, कुणाचं तरी मशीन बंद पडायचं, मग दोघांची जुंपायची. बाईंनी आल्या आल्या बाह्या सरसावल्या आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक वायर भिंतीच्या कडेने ओढून पक्की केली. दुसऱ्या दिवशी तात्या, म्हणजे खोलीतले सगळ्यात जुने टायपिस्ट, दारातून आपल्या खुर्चीकडे निघाले आणि मध्येच थबकले.

"पायाला काहीच लागेना," ते म्हणाले. "मला वाटलं चुकून भलत्याच खोलीत शिरलो. कोण आहे ती वायरवाली बाई?"

तेव्हापासून त्या वायरबाई. त्यांनीही ते नाव बिनतक्रार घेतलं, कारण तक्रार करायची तर त्याहून महत्त्वाच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या.

स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण राग आला की त्या बोलण्यापेक्षा कामाला लागायच्या, आणि तेच समोरच्याला जास्त भारी पडायचं. शाळा सुटल्यावर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वायरी डाख देऊन जोडायला शिकल्या. दुकान बसलं तशा या संस्थेत टेपरेकॉर्डर सांभाळायला आल्या. पुढे टेपरेकॉर्डर गेले, देणगीत कॉम्प्युटर आले, आणि बाईंचं आता संपलं असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. बाईंनी पहिला कॉम्प्युटर खोक्यातून काढला, त्याचं झाकण उघडलं, आत डोकावून "ह्यातही वायरीच आहेत की," असं म्हणाल्या आणि पुढची काही वर्षं ओळखीपाळखीच्या प्रत्येक इंजिनिअरचं फोनवरून डोकं खाल्लं. त्यातून त्या लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट मिळणारी प्रणाली, शिकल्या. ती मशीनं लिनक्सवर चालायची, आणि लिनक्स चालायचं ते वायरबाईंच्या धाकावर.

खोलीत काम यायचं ते कोर्टाच्या कार्यालयाकडून. साक्षी, उलटतपासण्या, वकिलांची खडाजंगी, सगळं ध्वनिमुद्रित होऊन येई आणि ते ऐकून टाइप करायचं. टायपिस्टाच्या एका कानात साक्षीदार आणि दुसऱ्या कानात मशीन. बोटांनी जे टाइप झालं ते मशीन लगोलग वाचून दाखवी, चूक झाली तर तिथल्या तिथे कळे. हा मशीनमधला आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. घोगरा, कोरडा, भावनेचा लवलेश नाही, आणि प्रत्येक वाक्य संपताना कुणीतरी खेकसल्यासारखा. खोलीने त्याचं नाव ठेवलं होतं कावळा.

पण हा कावळा पळायचा. तात्यांनी त्याचा वेग इतका वाढवला होता की डोळस माणसाला नुसतं करकर ऐकू येई. पाहुणे आले की विचारायचे, हे काय बिघडलंय का? तात्या त्या करकरीतून स्वल्पविरामसुद्धा उचलायचे. आवाज गोड नसला की तो भरभर बोलू शकतो, हे तात्यांचं म्हणणं, आणि ते आपल्या सख्ख्या आतेभावाचं उदाहरण देऊन पटवून देत.

तर एके दिवशी व्यवस्थापक साहेब खोलीत आले. नवीनच होते, माणूस वाईट नव्हता, फक्त सदानकदा घाईत असे. त्यांनी सांगितलं, कोर्टाच्या कार्यालयाचा निरोप आहे. आपल्या मशीनवरचं लिनक्स जुनं झालंय, त्याला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. महिनाअखेर सगळी मशीनं नव्या आवृत्तीवर न्यायची, नाहीतर साक्षींचं काम येणं बंद.

"होईल," वायरबाई म्हणाल्या.

"नक्की? नाहीतर बाहेरची एक कंपनी तयार आहे. ते सगळंच बदलून देतात. आवाजसुद्धा छान आहे त्यांचा, एकदम माणसासारखा."

"माणसं काय, खोलीत आहेतच," मागून तात्या म्हणाले. साहेब हसले आणि निघून गेले.

बाईंनी सुरुवात केली कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनपासून. लिनक्समध्ये कुठलंही सामान, म्हणजे प्रोग्रॅमचं पॅकेज, आणायचं, बदलायचं, काढायचं तर ते पॅकेज मॅनेजरकडून. बाई त्याला कोठीवाला म्हणत. हा कोठीवाला हिशेबाला फार पक्का. आपण एखादं पॅकेज नाव घेऊन मागितलं, तर तो ते देतोच, पण त्या पॅकेजला जे जे लागतं तेही न विचारता बरोबर घेऊन येतो. आणि मनाशी खूण करून ठेवतो, हे मालकाने मागितलं, ही बाकीची आपली बरोबर आलेली. पुढे अपग्रेड झाला, आवृत्त्या बदलल्या, तरी खुणा त्याच राहतात. मग ज्याच्यासाठी कुणी बरोबर आलं होतं त्यालाच आता त्याची गरज उरली नाही, की कोठीवाला अदबीने विचारतो, ह्यांना कुणी मागितलेलं नाही, काढून टाकू का?

कोपऱ्यातल्या मशीनवर त्याने असंच विचारलं. भली लांबलचक यादी समोर आली. वायरबाईंना अडगळीचा मनापासून तिटकारा. घरातसुद्धा रिकामा डबा दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटे. त्यांनी यादीवर नुसता डोळा फिरवला, हो म्हटलं, आणि कोठी झाडून निघाल्याच्या समाधानात मशीन पुन्हा सुरू केलं.

मशीन बोललं, पण ते एखाद्या गोड मुलीच्या आवाजात. प्रत्येक अक्षर चाखत, मऊ, सावकाश.

मास्तरीणबाई, ज्या पूर्वी शाळेत शिकवायच्या आणि दृष्टी गेल्यावर इथे आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ही कोण साखर?"

"नवीन आवाज आहे," बाई म्हणाल्या. "वेग वाढवून बघा, तात्या."

तात्यांनी वेग वाढवला. थोडा वाढवला तोवर साखर साखर होती. आणखी वाढवला तसा तिचा पाक झाला, अक्षरात अक्षर मिसळलं, शब्द कुठे संपतो कळेना. तात्यांनी कान पुढे केला, भुवया आवळल्या, एकदा चुकले, दोनदा चुकले. मग त्यांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"कावळा कुठंय?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या तेव्हा लक्षात आलं की कावळा त्या यादीत होता. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला हुसकावून लावलं होतं. झालं होतं असं, की मशीनवरचं वाचून दाखवणारं पॅकेज जुन्या काळात कावळ्याशिवाय चालायचंच नाही, म्हणून ते मागवलं तेव्हा कावळा आपसूक बरोबर आला. नव्या आवृत्तीत त्या पॅकेजने साखरेशी संधान बांधलं. कावळ्याचा आधार तुटला. आणि कावळा हवा, असं इतक्या वर्षांत कोठीवाल्याला कुणी म्हटलंच नव्हतं. सगळी खोली ज्याच्या जिवावर चालत होती तो तिथे कुणी न मागितलेला होता.

साहेबांना बातमी लागली. ते येऊन साखर ऐकून गेले आणि त्यांना ती आवडली. "सवय होईल," ते म्हणाले.

"आणि ज्यांना नाही होणार?" बाईंनी विचारलं.

"वेग कमी झाला तर कोर्ट दुसरीकडे काम देणार. मग खडूविभाग आहेच की. कुणाला वाऱ्यावर थोडंच सोडतोय."

खडूविभाग मागच्या अंगणात होता. तात्यांची उमेदीची वर्षं तिथे गेली होती. साचे भरायचे, वाळवायचे, काढायचे, खोक्यात रचायचे. बोटांची टोकं फुटायची, छातीत पांढरी धूळ बसायची. तिथून या खोलीत आले तेव्हा तात्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मी मेलो तर इथे मरेन, परत तिकडे जाणार नाही. साहेबांचं बोलणं ऐकून ते बोटांची टोकं अंगठ्याने चाचपत राहिले. वायरबाईंनी ते पाहिलं. आपल्या एका 'हो'मुळे हा माणूस अंगणात जाणार असेल तर आपण इतकी वर्षं इथे केलं काय, असं त्यांना वाटलं. मग त्या चिडल्या, आणि चिडल्या म्हणजे कामाला लागल्या.

इथे एक सांगायला हवं. कावळ्याला नावाने हाक मारून परत बोलवावं, तर त्याचं नाव बाईंना माहीत नव्हतं. कावळा हे खोलीने ठेवलेलं. कोठीवाल्याकडे त्याचं काहीतरी वेगळंच नाव असणार, आणि ज्याला आपण कधी मागितलंच नाही त्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? उडवलेल्या यादीत चिक्कार नावं होती, सगळी एकजात परकी, एकातूनही चोच बाहेर आलेली दिसेना.

घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला पळतो, तसं बाईंचं झालं. त्यांनी ठरवलं, नाव माहीत नाही ना, मग सगळ्यांनाच ठेवायचं. जे जे मशीनवर आहे त्या झाडून सगळ्यांची नावं त्यांनी कोठीवाल्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही मला हवीत, ह्यांच्यासकट अपग्रेड कर. कोठीवाला शब्दाचा पक्का. नाव घेऊन मागितलंत म्हणजे ते मागितलेलंच, अशी त्याने प्रत्येकावर खूण केली.

"कुणाच्या मशीनवर करून बघू?" असं बाईंनी आधी विचारून घेतलं होतं.

"माझ्याच," तात्या म्हणाले होते. "बिघडलं तर माझं बिघडेल. बाकीच्यांचं काम चालू राहू दे."

बिघडलं. आता त्या मशीनवर सोडून द्यावं असं काही उरलंच नव्हतं. नवं सामान आत यायला बघे आणि जुनं जागचं हलेना, कारण जुन्यालाही मालकाने नावाने मागितलेलं. कोठीवाला या दोघांच्या कात्रीत सापडला, अर्ध्या वाटेत अडून बसला. बाईंनी दटावलं, ढकललं, शेवटी मशीन बंद करून चालू केलं तर ते चालूच होईना. पडदा काळा, आवाज बंद. ना कावळा, ना साखर.

तात्या संध्याकाळपर्यंत त्या मेलेल्या कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले. "मी काही म्हणत नाहीये," असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते ऐकून बाईंना जास्तच लागलं.

घरी काकू होत्या. काकू वायरबाईंच्या नेमक्या कोण, हे नवख्या माणसाला सांगायला बराच वेळ लागे. त्या बाईंच्या थोरल्या बहिणीच्या सासूबाई. आई गेली तेव्हा बाई लहान होत्या, फ्रॉकमधल्या. ताईचं लग्न ठरलं आणि ताईबरोबर ही धाकटीही त्या घरात आली, कारण दुसरीकडे कुठे ठेवणार? नातेवाईक तिला ताईचं शेपूट म्हणायचे. शेपूट फार सांभाळून राहायचं. कुणी सांगायच्या आत पाणी भरायचं, कुणी बघायच्या आत जेवण आटपायचं. आपल्याला इथे कुणी बोलावलेलं नाही, हे त्या वयातही तिला नीट कळत होतं.

पुढे ताईच्या नवऱ्याची बदली झाली. तिकडचं घर एवढंसं. बैठकीच्या खोलीत मोठ्यांची चर्चा बसली, आता हिचं काय करायचं? दूरच्या मामाकडे पाठवू, नाहीतर वसतिगृह बघू. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तेवढ्यात काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तिचं नाव घेतलं. पुरं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं. "ती कुठेही जायची नाही," काकू म्हणाल्या. "ती माझी आहे. विषय संपला." ताई गेली, पाहुणे गेले, आणि ती राहिली. पुढे काकूंना मुलाने कितीदा बोलावलं, तरी म्हातारी वायरबाईंचं घर सोडून गेली नाही. लोक विचारत, ह्या तुमच्या कोण? बाई म्हणत, माझ्या.

त्या संध्याकाळी काकू ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. बाईंनी चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. कावळा, साखर, तात्या, मेलेलं मशीन.

"सगळंच मागून बसलीस?" काकू म्हणाल्या. "हावरट कुठली."

"मग काय करू? नेमकं कुणाला ठेवायचं तेच कळत नव्हतं."

"ह्यातले खडे तेवढे काढायचे तर एकेक हातात धरून बघावं लागतं. मी काय सगळं ताट उकिरड्यावर फेकते, की सगळं तसंच शिजवते?"

"काकू, मला शिकवू नका, आधीच डोकं फिरलंय."

"फिरू दे. हात धू आणि जेवायला बस."

बाई जेवल्या, पण लक्ष ताटात नव्हतं. त्यांना ते दाराआडचं आठवत होतं. काकूंनी त्या दिवशी ठेवून घेतलं ते एका माणसाला, आणि नाव घेऊन. तिची वह्यापुस्तकं राहू द्या, तिचे फ्रॉक राहू द्या, तिची ती एका डोळ्याची बाहुली राहू द्या, असं काही वेगळं सांगावं लागलं नव्हतं. ती राहिली म्हणून तिचं सगळं राहिलं. म्हणजे सगळ्यांना धरून ठेवायची गरजच नाही, फक्त कावळ्याला धरायचं. त्याचं जे काही असेल ते त्याच्यापाठोपाठ येईल. राहिलं काय, तर त्याचं खरं नाव. आणि ते शोधायला खोलीत डोळे नसले तरी कान भरपूर होते.

सकाळी त्या खोलीत शिरल्या त्या फर्मान सोडतच. "मास्तरीणबाई, उठा. तुमचं मशीन मला हवंय, अजून जुनं आहे ते. तात्या, तुम्ही इकडे बसा. मी एकेक गोष्ट बंद करत जाणार. कावळा बोलतोय तोवर आहे म्हणायचं. थांबला की ओरडायचं."

"माझं मशीन मेलं तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तर मी स्वतः अंगणात जाऊन खडू पाडीन."

तात्यांनी एक लांबलचक जबानी वाचायला लावली, कुठल्याशा बैलाने कुणाच्या तरी कुंपणाचं केलेलं नुकसान, आणि हेडफोन न लावता आवाज खोलीभर सोडला. कावळा करकरायला लागला. बाईंनी पहिलं नाव बंद केलं.

"आहे," तात्या म्हणाले.

दुसरं.

"आहे."

आणखी एक. मशीनमधून चित्रविचित्र शिटी आली. "आहे, पण त्याला सर्दी झालीय," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि खोलीत हशा पिकला. बाईंनी ते परत चालू केलं. हळूहळू सगळ्यांनी आपापलं काम थांबवलं. दरवेळी तात्यांच्या आधीच दोनचार जण ओरडू लागले, आहे, आहे. एकदा सगळाच आवाज गेला तेव्हा एकच गलका झाला, पण ती नुसती स्पीकरची सोय निघाली. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्या नावामागून नाव घेत होत्या आणि एकही गाळत नव्हत्या. आदल्या वेळी नुसता डोळा फिरवला होता, त्याची भरपाई चालली होती.

आणि मग बैल कुंपणापाशी पोचला असताना मशीन एकदम थांबलं.

"गेला!" तात्या ओरडले.

बाईंनी तेच एक नाव परत चालू केलं.

"...कुंपण मोडून आत शिरला," कावळा खेकसला.

"आला मेला!" मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली. वायरबाईंनी पडद्यावरचं ते नाव अक्षर अक्षर करून मोठ्याने वाचलं. नाव अगदीच रुक्ष होतं, एखाद्या स्क्रूच्या मापासारखं. "ह्याचं नाव असं?" तात्या म्हणाले. "बिचारा. बरं झालं आपण त्याला कावळा म्हणत होतो."

पुढचं काम नेटाचं होतं, अवघड नव्हतं. तात्यांचं मशीन पुसून बाईंनी त्यावर नवी आवृत्ती कोरी चढवली आणि कोठीवाल्याला फक्त एक नाव सांगितलं. तो एकटा कावळा घेऊन आला नाही. कावळ्याचे उच्चार, त्याचे मराठीचे नियम, त्याला लागणारं सगळं बिऱ्हाड मागोमाग आलं. बाईंनी कोठी झाडायची आज्ञा दिली आणि कोठीवाल्याने नेहमीसारखी यादी समोर धरली. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक ओळ वाचली. कावळा त्यात नव्हता. त्याचं बिऱ्हाडही नव्हतं. मगच त्यांनी हो म्हटलं.

तात्यांनी हेडफोन चढवला. वेग वाढवला, आणखी वाढवला, होता तिथे नेऊन ठेवला. बोटं चालू लागली. बराच वेळ ते टाइप करत राहिले आणि कुणी त्यांना विचारलं नाही, कारण बोटांचा तो ताल खोलीला पाठ होता.

साहेब डोकावले, तसं बाईंनी त्यांना सरळ तात्यांच्या पाठीशी उभं केलं. ते करकर ऐकून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "ह्यातलं काही कळतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बुटाच्या टाचेचा एक खिळा वर आलाय तेही कळतं," तात्या म्हणाले. साहेबांनी बूट उचलून पाहिला. मग त्यांनी तात्यांनी टाइप केलेलं पान वाचलं, सगळं वाचलं, घाई न करता, आणि कंपनीला नको म्हणून कळवतो असं सांगून गेले. जाताना पाय जरा हलकाच टेकवत होते.

बाकीची मशीनं जुन्यावरून नव्यावर न्यायची होती. तिथे आधी कावळ्यावर मागितलेल्याची खूण करायची आणि मग अपग्रेड, म्हणजे आवृत्ती बदलली तरी खूण तशीच राहणार. वायरबाईंना हे आपल्या खुर्चीत बसून एका दमात सगळ्या मशीनवर करता आलं असतं. पण त्या तसं करायला तयार होईनात.

"ज्याचा कावळा त्याने मागायचा," त्यांनी जाहीर केलं. "उद्या मी नसले तर? कमांड सांगते, आपापल्या हाताने टाइप करा."

मग मास्तरीणबाईंपासून सुरुवात झाली. एकेक जण कमांड टाइप करी, शेवटची कळ दाबी, आणि कोठीवाल्याचं उत्तर वाचून दाखवायचं काम अर्थातच कावळ्याकडे होतं. तो आपलं ते स्क्रूच्या मापासारखं नाव घ्यायचा आणि त्याच खेकसत्या सुरात सांगायचा, मागितलेलं म्हणून नोंदवलं. प्रत्येक टेबलावरून तेच ऐकू येत गेलं. स्वतःबद्दल बोलतोय हे त्या बापड्याला काय माहीत! पण खोलीला माहीत होतं, आणि मास्तरीणबाईंनी तर डोळे पुसले.

शेवटी तात्या म्हणाले, "मलाही करू दे."

"तुमचं झालंय, तात्या. मी नावाने मागितला तेव्हाच झालं."

"तो तू मागितलास. मी नाही मागितला."

बाई बाजूला झाल्या. तात्यांनी कमांड टाइप केली, एकेक अक्षर, त्यांच्या मानाने फारच सावकाश, आणि कळ दाबली. कावळा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हे आधीच मागितलेलं आहे."

"आधीच?" तात्या म्हणाले, आणि इतक्या जोरात हसले की त्यांना खोकला आला. "ऐकलंत का रे? म्हणतो आधीच!" त्यांनी कीबोर्डवर प्रेमाने एक चापट मारली आणि बैलाची जबानी पुढे घेतली.

वायरबाई घरी पोचल्या तेव्हा काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. बाईंनी सगळं रंगवून सांगितलं, कावळ्याच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. काकू हसल्या. मग बाईंनी चपला जागेवर ठेवल्या, परत उचलल्या, परत ठेवल्या, आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"काकू, त्या दिवशी मला ठेवून घेतलंत, ते माझी कीव आली म्हणून का हो?"

"कुठल्या दिवशी?"

"भावजींची बदली झाली तेव्हा. सगळे बसले होते, आणि तुम्ही माझं नाव घेतलंत."

"तेव्हा कुठलं!" काकू म्हणाल्या. "तुझ्या ताईच्या लग्नाचं बोलायला आम्ही तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा तू माझी एक चप्पल लपवून ठेवलीस. ताईला नेऊ नये म्हणून. मी सगळं घर शोधलं आणि तू माझ्याकडे बघत उभी, जागची हलायला तयार नाही. तेव्हाच म्हटलं, ताई मुलाला हवी असेल तर असू दे, मला ही पोर हवी."

वायरबाई दारातच उभ्या राहिल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं पाणी भरत होते."

"मला काय माहीत तुला सांगायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "आणि चप्पल कुठे होती ती?"

"पाण्याच्या पिंपामागे," वायरबाई म्हणाल्या, आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या.